आठ मोजेपर्यंत

“चूल फुकून राहिला का गा? फुकणी नाही ते. श्वास ठेव त्याच्यात. लेकराले पाळण्यात ठेवतेत तसा ठेव.”

बेचाळीस वर्षं झाली त्याला. बँडच्या हॉलामागे कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले जुने हवालदार आनंदराव हे बोलले होते, आणि बोलताना त्यांनी सुपारी कातरणंसुद्धा थांबवलं नव्हतं. आनंदराव गेले. रस्ता रुंद झाला तेव्हा कडुनिंबही गेला. आवाज मात्र मधुकररावांच्या कानात जसाच्या तसा राहिला होता, आणि आज सकाळी तो त्यांच्याच तोंडून बाहेर पडला. फक्त चौपट मोठा होऊन.

“चूल फुकून राहिली का वं? भाकरी टाकाची हाय का इथं?”

समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या टोकावर बसलेल्या दामिनीनं ओठांवरून हॉर्न खाली घेतला. बारा फुटांची पितळेची नळी गोगलगायीसारखी स्वतःभोवती गुंडाळावी आणि शेवटी तिला परातीएवढं तोंड फुटावं, असं ते वाद्य. डाव्या हाताची बोटं कळांवर, उजवा हात त्या मोठ्या तोंडाच्या आत. दामिनीचा उजवा हात अजून आतच होता, शेंगदाण्याच्या डब्यात अडकलेल्या माकडाच्या हातासारखा.

“सर, तुम्हीच तं म्हणता श्वास भरून द्या.”

“भरून दे म्हणतो, ढकल म्हणत नाही. अन सूर पाह्य कुठं चालला! उतरला पार. विहिरीत गेला. घे पुन्हा. आठ मोजेपर्यंत.”

दामिनीनं घेतला. एक, दोन, तीन... मधुकरराव गुडघ्यावर बोटानं मोजत होते. सूर निघाला, चारपर्यंत गेला, पाचाला थरथरला, सहाला त्यांचा चेहरा आंबट झाला.

“उतरला.”

“पुन्हा?”

“पुन्हा काय, अजून! चढलाच कधी होता तो?”

दामिनी पोलिसांच्या बँडमधली नवी शिपाई. नरखेडकडच्या गावची, चोवीस वर्षांची. घरी संत्र्याची बाग. भरती झाल्यावर नव्या पोरापोरींना वाद्यं वाटली गेली तेव्हा कुणी ट्रंपेट उचललं, कुणी क्लॅरिनेट, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या दामिनीच्या वाट्याला सहा वर्षं पेटीत पडून काळवंडलेला फ्रेंच हॉर्न आला. तो मधुकररावांचाच हॉर्न. ते रिटायर झाल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, कारण ते वाद्य शिकवणारं बँडमध्ये कुणी उरलं नव्हतं. म्हणून बँडमास्तर धर्मेंद्रनं तिला प्रताप नगरात मधुकररावांच्या घरी पाठवलं. फेब्रुवारीच्या सोळा तारखेला तिची परीक्षा होती. पास झाली तर बँडमध्ये कायम. नाही झाली तर दामिनी बंदोबस्ताच्या ड्युटीवर आणि हॉर्न पुन्हा पेटीत. या खेपेला पेटीत गेला तर तो काही बाहेर येत नाही, हे धर्मेंद्रनं फोनवर हळूच सांगून ठेवलं होतं.

आज जानेवारीची आठ तारीख. आणि पोरगी एका नोटेवर अडकली होती.

शिकवण्यात मधुकररावांनी कसूर ठेवली नव्हती. आनंदरावांनी त्यांना शिकवलं त्याच क्रमानं ते शिकवत होते. आधी नुसती फुंकायची तोटी ओठांना लावून भुंग्यासारखं गुणगुणायचं. मग एकच नोट आठ मोजेपर्यंत, कळांना हात न लावता. मग तीच नोट अगदी बारीक सुरू करून चारपर्यंत फुलवायची आणि आठपर्यंत पुन्हा बारीक करत न्यायची, दिवा लावावा आणि पदरानं हळूच मालवावा तशी. हॉर्नच्या तोंडातला उजवा हात असा धरायचा, की ओंजळीत पाणी घेतलंय आणि सांडू द्यायचं नाही. हात जास्त मिटला की सूर घुसमटून खाली बसतो, जास्त उघडला की उधळून वर पळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ओठांची. ओठ आवळले की आवाज चिमटलेला निघतो, दार करकरावं तसा. ओठ सैल, गाल घट्ट, पोट भरलेलं.

“ओठ सैल सोड!” ते ओरडत. ती सोडी. आवाज गोल, गरगरीत येई, आणि ते लगेच म्हणत, “उतरला!”

ती बिचारी सूर वर न्यायला ओठ आवळी. सूर चढे, पण आवाज सुईसारखा बारीक होई.

“चिमटला! सैल सोड म्हणतो न!”

“सैल सोडला तं तुम्ही म्हणता उतरला. चढवला तं म्हणता चिमटला. दोन्ही कसं कराव सर? माणसाले एकच तोंड असते.”

“मले विचारून राहिली? मी छत्तीस वर्षं काय केलं मग?”

त्यावर दामिनीनं तोटी पुन्हा ओठांना लावली. उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून. मधुकररावांच्या पत्नी प्रयागबाई तिथं मेथी निवडत होत्या, आणि मेथी निवडताना त्यांच्या ओठांवर गाणं आपसूक रचलं जाई, माहेरून आणलेली खोड होती ती.

“पितळेची सोंड बाई, पितळेची सोंड,
मालक ओरडे घरात, गल्ली झाकते तोंड...”

“तुम्ही चूप बसा वं जराशा!”

“मी कुठं बोलून राहिली? मी तं गाऊन राहिली,” प्रयागबाई आतून म्हणाल्या. “खालच्या मजल्यावरची वंदना काल विचारत होती, काकू, तुमच्याकडे म्हैस आणली का म्हणे.”

दामिनीला हसू फुटलं. तोंडात तोटी असताना हसू फुटलं की हॉर्नमधून जो आवाज निघतो, तो निघाला. मधुकररावांनी कपाळावर हात मारला.

छत्तीस वर्षं त्यांनी काय केलं, हे तसं सांगण्यासारखंही नव्हतं. बँडच्या मार्चमध्ये हॉर्नला चाल नसते. ढोल ‘धम’ म्हणतो आणि त्याच्या मागून हॉर्न ‘पा’ म्हणतो. धम-पा, धम-पा. गाणं ट्रंपेटचं, नखरा क्लॅरिनेटचा, आणि मधुकररावांचा ‘पा’. सव्वीस जानेवारीला ‘पा’, पंधरा ऑगस्टला ‘पा’, मोठ्या साहेबांच्या निरोपाला ‘पा’, आणि शहीद शिपायाच्या तिरडीपुढेही, फार हळू, ‘पा’. लग्न झालं त्या वर्षी प्रयागबाईंना त्यांनी कस्तुरचंद पार्कला परेड बघायला नेलं होतं. घरी आल्यावर त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या, “लई छान वाजलं. त्याच्यात तुमचं कोनतं होतं?”

एक गोष्ट मात्र त्यांची होती. अख्खा बँड त्यांच्यावर सूर लावत असे. रीत खरी क्लॅरिनेटनं सूर द्यायची. पण आनंदरावांच्या वेळेपासून इथं हॉर्ननं सूर दिला जाई, कारण मधुकरचा सूर हलत नाही अशी ख्याती होती. ना पेटी, ना मशीन. झोपेतून उठवून विचारलं तरी तोच सूर. “दे रे,” म्हणत मास्तर, आणि मधुकरराव देत. चाळीस माणसं मान तिरकी करून तो ऐकत, आपापली नळी आत-बाहेर करत, आणि मग सगळ्यांचा मिळून एक सूर होई. दिवसातलं ते अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटावर मधुकररावांनी छत्तीस वर्षं काढली होती.

आणि या पोरीचा सूर रोज उतरत होता.

चार दिवसांनी दामिनी मोबाईल घेऊन बसली.

“सर, रागावू नका. हे पाहा. मी वाजवते, तुम्ही काट्याकडे पाहा.”

तिनं मोबाईल स्टूलवर उभा केला आणि सूर घेतला. आठ मोजेपर्यंत. मोबाईलवरचा काटा बरोबर मध्ये आला आणि हिरवा होऊन तिथंच थांबला, ऊन खात बसलेल्या मांजरीसारखा.

“हे पाहा. मधातच हाय.”

“काय हाय ते?”

“ट्यूनर. धर्मेंद्र सरांनी सगळ्यांच्या मोबाईलमधे टाकाले लावलं.”

“त्या काट्याले कान हायेत का?”

“नाही, पण...”

“त्यानं कधी थंडीत पहाटे पाचले वाजवलं का? पितळ बर्फासारखं गार असते तेव्हा सूर कसा बसते, माहीत हाय त्याले? मे महिन्यात हेच पितळ तापते तं सूर चढते, तेव्हा कराले काय लागते?”

“स्लाईड,” दामिनी पाठ केल्यासारखी म्हणाली. हॉर्नच्या कमरेला एक वाकडी नळी सरकती असते. बाहेर ओढली की सूर उतरतो, आत सारली की चढतो. त्या नळीवर मधुकररावांनी फार वर्षांपूर्वी खिळ्यानं दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची.

“स्लाईड हिवाळ्याच्या रेघेवर हाय का?”

“हाय सर.”

“मग चूक तुझ्या तोंडाची हाय. तो डबा बंद कर. अन पुन्हा माझ्या घरी आणू नको.”

दामिनीनं मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला. तिचा खालचा ओठ सुजला होता. ती उठून गॅलरीत गेली आणि नळीतलं पाणी झटकत राहिली, झटकायला पाणी उरलं नव्हतं तरीही. प्रयागबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी एकदा तिच्या पाठीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

“ऐकता का?”

“काय?”

“ऐकता का म्हटलं. दोनदा म्हटलं मी.”

“सगळं ऐकू येते मले.”

“हो का? सकाळी गॅसवाला खालून बेल वाजवून वाजवून गेला.”

“ते बेल खराब हाय. दोन-दोन आवाज काढते.”

प्रयागबाईंनी चहा ठेवला. आत गेल्या. आत जाऊन गायल्या मात्र नाहीत.

बेल दोन आवाज काढत होती, दिवाळीपासून. दिवाळीच्या आधी मधुकररावांना जबर सर्दी झाली, डावा कान गच्च झाला, आणि सर्दी गेली तरी कान काही पूर्ण उघडला नाही. त्यानंतर कुकरच्या एका शिट्टीच्या दोन झाल्या. टीव्हीवरच्या बातम्या वाचणारी बाई आपल्याच मागे पाव पाऊल चालल्यासारखी वाटू लागली. भाजी आणायला जातो सांगून ते एकटेच सदर भागात कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. एका काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानांत बारीक बारीक आवाज सोडले गेले. मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन वेड्यावाकड्या रेघा काढून दाखवल्या.

“काका, डावा कान बराच कमी झालाय. आणि तुम्ही म्हणता तसं, एकच आवाज दोन्ही कानांत वेगवेगळ्या सुरात ऐकू येऊ शकतो. कधी सगळंच थोडं खाली उतरल्यासारखं वाटतं. आता याची सवय करून घ्यावी लागेल. गाणं-बिणं करता का तुम्ही?”

“नाही,” मधुकरराव म्हणाले होते. “बँडात होतो.”

तो कागद त्यांनी कपाटात जुन्या युनिफॉर्मच्या घडीत सरकवला. ऐकू कमी येतं ते येऊ दे, वयाचं आहे, ते त्यांनी मान्य करून टाकलं. पण सूर? सूर काय कानात असतो? सूर डोक्यात असतो. तो आनंदरावांनी ठेवलेला आहे, तो हलत नाही. बेल बिघडू शकते, कुकर बिघडू शकतो, नरखेडची पोरगी बेसूर असू शकते. असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि कपाट लावून टाकलं.

त्यानंतर मात्र दामिनीचं वाजवणं बदललं.

एका मंगळवारी ती जिना चढून आली, पेटी उघडली, हॉर्न मांडीवर घेतला, हात ओंजळीसारखा आत ठेवला आणि सूर लावला. सैल ओठांचा, गोल, पोटातून आलेला. संत्र्याच्या बागेत दुपारी कुणी लांबून हाक मारावी आणि ती पानापानांतून येत राहावी तसा. एक, दोन, तीन, चार... मधुकररावांचं बोट गुडघ्यावर थांबलं. पाच, सहा. उतरला नाही. सात. आठ.

 दोन महिन्यांत, नव्हे दिवाळीपासून, पहिल्यांदा जगातला एक आवाज त्यांच्या डोक्यातल्या सुरावर येऊन बरोबर बसला होता.

“पुन्हा घे,” ते म्हणाले.

तिनं पुन्हा घेतला. पुन्हा तसाच.

“अहो, ऐकलं का?” त्यांनी आत हाक मारली. “या इकडे! ऐका पोट्टीचा सूर!”

प्रयागबाई ओल्या हातांनी दारात आल्या. दामिनीनं तिसऱ्यांदा वाजवलं. प्रयागबाईंनी मान हलवली. दामिनी मात्र वर बघत नव्हती. तिची नजर खाली हॉर्नवर होती.

“काय केलं तू? कसं आलं आज?”

“काही नाही सर. तुम्ही म्हणता तसंच केलं.”

“ओठ सैल सोडले?”

“हो.”

“मी काय म्हणत होतो! दोन महिने घसा फोडून राहिलो! अन ती मोबाईलचा काटा दाखवते मले!”

त्या दिवशी तिला पोहे मिळाले, वर चण्याची झणझणीत तर्री घालून. जाताना मधुकररावांनी तिला अठरा वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. थंडीच्या पहाटे सगळ्यांची वाद्यं गारठली होती आणि एकटा हॉर्न सुरात होता. दामिनी ऐकत होती, हं हं म्हणत होती. खाली जिन्याशी ती जरा जास्त वेळ थांबली, पेटी उघडून काहीतरी करत होती. “विसरली असन काही,” मधुकरराव गॅलरीतून म्हणाले. मागे उभ्या प्रयागबाई म्हणाल्या, “असन.”

मग तीन आठवडे सगळं सरळ झालं. एका नोटेवरून पाच नोटा झाल्या, शिडीसारख्या, न तुटता. मग कळांवरची सोपी सरगम. मग एक छोटीशी चाल. मधुकरराव ओरडत राहिले, कारण ओरडल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे. पण आता ते ओरडणं म्हणजे जेवणातल्या लोणच्यासारखं झालं होतं. “हात मिटू नको, पाणी सांडून राहिलं!” “श्वास खांद्यातून नाही, बेंबीपासून!” “ही चाल हाय का एसटीची घंटी?” दामिनीही आता उलट बोलायला लागली होती. “सर, तुम्ही आनंदरावांकडे असेच शिकले का?” “मले तं ते सुपारीचं खांड फेकून मारत.” “मग मी नशीबवान म्हणाव.” “अजून परीक्षा झाली नाही तुझी, नशीब कशाचं?”

परीक्षेच्या आदल्या दिवशी धर्मेंद्रचा फोन आला.

“मधुदादा, उद्या तुम्ही याच. वरून एक साहेब येऊन राहिले परीक्षेले. क्लॅरिनेटचं, ट्रंपेटचं मी सांगीन. पण हॉर्नचं आम्हाले काय समजते? तुम्ही बसा न आमच्या बाजूले.”

“मी? मी कशाले आता?”

“तुमच्या सुरावर बँड चालला दादा. तुम्ही नाही तं कोण?”

मधुकररावांनी उजव्या कानाला फोन घट्ट धरला होता. “येतो,” ते म्हणाले. दामिनीला सांगितलं नाही. पोरगी घाबरेल, म्हणून नाही. तिला आश्चर्य वाटावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते ऑटोनं हॉलावर पोचले. हॉल तोच होता, भिंतींना नवा रंग, मागे अख्खा बँड बसलेला. जुन्यांपैकी दोघं-तिघं उठून पाया पडले. धर्मेंद्रनं त्यांना हाताला धरून टेबलामागे नेलं. टेबलावर यादी होती, पेन होतं, आणि काटा असलेलं एक छोटं काळं मशीन होतं. बाजूला बाहेरून आलेले साहेब बसले होते, पन्नाशीचे, घाईतले, घड्याळाकडे बघणारे.

“हे मधुकरराव सर. आमचे जुने हॉर्नवाले.”

“बसा, बसा,” साहेब म्हणाले. “पुढचा कोण?”

पुढची दामिनीच होती. ती आधीच स्टँडसमोर येऊन बसली होती, हॉर्न मांडीवर, सूर लावून तयार. तिनं मान वर केली आणि तिला टेबलामागे मधुकरराव दिसले.

क्षणभर तिच्या चेहऱ्यावरचं सगळं थांबलं. मधुकरराव हसले, हात जरा उंचावला. आणि मग त्यांनी पाहिलं, तिचा डावा अंगठा हळूच हॉर्नच्या कमरेशी गेला आणि तिनं स्लाईड आत सारली. हिवाळ्याच्या रेघेच्या आत. पार आत, दोन्ही रेघा दिसेनाशा होईपर्यंत. अंगठ्याची ती हालचाल इतकी सराईत होती, की रोज केल्याशिवाय तशी होत नाही.

“सुरू कर,” धर्मेंद्र म्हणाला. “पहिले लांब नोट. आठपर्यंत.”

दामिनीनं सूर लावला.

तो मधुकररावांच्या डोक्यात येऊन बरोबर बसला. गोल, पूर्ण, पहिल्या दिवाळीच्या पणतीसारखा. एकही कण इकडे नाही की तिकडे नाही. त्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्रच्या कपाळाला आठी पडली होती. मागच्या क्लॅरिनेटवाल्यानं पायातल्या बुटाकडे बघायला सुरुवात केली होती. टेबलावरच्या मशीनचा काटा मध्य सोडून उजवीकडे, लाल भागात जाऊन पडला होता.

सात. आठ.

“चढा आहे,” साहेब म्हणाले. “आवाज चांगला आहे, पण सूर चढा आहे. बराच.”

“थांबा साहेब,” धर्मेंद्र म्हणाला. “मधुदादा, हॉर्नचा सूर असा असते का कधी? तुम्ही सांगा.”

 तीन आठवडे. जिन्याखाली थांबणारी पेटी. वर न बघणारी पोरगी. तर्रीपोहे. ती रोज खाली उभी राहून स्लाईड आत घालत होती आणि जाताना बाहेर काढत होती. त्यांच्यासाठी त्यांच्या घरी एक सूर, आणि जगासाठी दुसरा. आणि आज, नोकरी समोर टेबलावर असताना, चाळीस माणसांसमोर ह्या म्हाताऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून तिनं पुन्हा तेच केलं होतं.

“दामिनी,” ते म्हणाले. “स्लाईड ओढ. रेघेवर आण.”

“राहू द्या न सर.”

“ओढ म्हणतो न!”

घरातल्यासारखंच ओरडले ते. हॉलात कुणीतरी दचकलं. दामिनीनं नळी ओढली, रेघेपर्यंत. हात पुन्हा आत ठेवला, ओंजळीसारखा. आणि सूर घेतला.

मधुकररावांनी तो ऐकला. हातातला गोळा निसटून विहिरीत जावा तसा तो पाव सूर खाली गेला आणि तिथंच राहिला. आठपर्यंत. धर्मेंद्रचे खांदे सैल झाले. क्लॅरिनेटवाल्यानं मान वर केली. काटा मध्ये येऊन हिरवा झाला होता.

“आत्ता बरोबर आहे,” साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. “पण पहिल्या वेळी सूर लावूनच बसली नव्हती. स्वतःचं वाद्य लावता येत नसेल, तर बाई, बँडमध्ये कसं चालेल? एक माणूस चुकला की सगळा बँड चुकतो.”

“चुकी माझी हाय सर,” दामिनी खाली बघून म्हणाली. “घाबरली मी.”

साहेबांनी पेन कागदावर टेकवलं.

“तिची नाही,” मधुकरराव म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. कधी उठले, त्यांना कळलं नाही. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

“ती लावूनच बसली होती. मले पाह्यलं अन बिघडवलं तिनं. माझ्यासाठी.” हॉलात पंखा फिरत होता आणि तोही त्यांना दोन आवाजांत ऐकू येत होता. “दिवाळीपासून मले सगळंच उतरलेलं ऐकू येऊन राहिलं साहेब. डावा कान गेला माझा. डॉक्टरनं लिहून देलं, मी घरीबी सांगतलं नाही. धर्मेंद्र, इथून पुढं मले सूर विचारू नको. अन आत्ता तिनं जो वाजवला न, तो मले साफ उतरलेला ऐकू आला. म्हंजे बरोब्बर हाय. लिहा.”